बंदर येणार म्हणजे काय येणार?

दिवाळीच्या सुट्टीत मालवणच्या धक्क्यावर किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्यांसाठी रांग लागली होती. माझ्या पुढे एक हिंदी बोलणारं कुटुंब उभं होतं. त्यांची सात-आठ वर्षांची मुलगी अक्षरं जुळवून वाचायला नुकतीच शिकली असावी, कारण दिसेल ती पाटी ती मोठ्याने वाचत होती. 'मालवण बंदर' ही पाटी तिने वाचली, वडिलांचा हात ओढला आणि विचारलं, "पापा, बंदर कहाँ है?" वडील माडांच्या शेंड्यांकडे बघू लागले. होडीवरच्या पोराने पायाखालच्या फरशीकडे बोट दाखवलं, "यही है बंदर." मुलीने फरशीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि ती पुन्हा माडांकडे बघायला लागली.

दोघांचंही बरोबर होतं. तिच्या भाषेत बंदर म्हणजे माकड. संस्कृतातला वानर झिजत झिजत हिंदीत बंदर झाला. आपलं बंदर फारसीतून, समुद्रावरून आलं. वेगळ्या वाटांनी चालत आलेले दोन शब्द एकाच लिपीत, एकाच रूपात समोरासमोर उभे राहिले. जहाजांची जागा सांगायला हिंदीने फारसी शब्दाला 'गाह' जोडून बंदरगाह ठेवलं. दिल्लीतल्या मंत्रालयाचं हिंदी नाव तर 'पत्तन, पोत परिवहन और जलमार्ग मंत्रालय' असं आहे, म्हणजे तिथे संस्कृतातलं पत्तन आलं. मराठीत मात्र बंदर हे बंदरच राहिलं. त्याला आपल्याकडे स्पर्धा नाही, कारण झाडावरच्याला आपण माकड म्हणतो, वानर म्हणतो.

ही गोष्ट तेवढ्यावर सोडली असती, तर ती सुट्टीतली एक आठवण झाली असती. पण हा तीन अक्षरांचा शब्द मी जितका उलटून पाहिला, तितकं मला वाटू लागलं की कोकण किनाऱ्यावरच्या आजच्या मोठ्या भांडणांपैकी निम्मा गोंधळ याच शब्दात बसलेला आहे. ते कसं, हे सांगायच्या आधी त्याचा प्रवास थोडा सांगायला हवा.

फारसीत बंदर म्हणजे जहाजं लागायची जागा. होर्मुझच्या सामुद्रधुनीवरचं बंदर अब्बास आपण बातम्यांत ऐकतो. तिथून हा शब्द अरबी समुद्राच्या दोन्ही काठांनी पसरला. पूर्व आफ्रिकेत स्वाहिली भाषेत तो 'बंदारी' झाला आणि अर्थ तोच राहिला. गुजरातीत पोरबंदर, सिंधीत केटी बंदर, कन्नडात बंदरु, बंगालीत बंदर, सगळीकडे जहाजांचीच जागा. पूर्व किनाऱ्यावरच्या मछलीपट्टणमला तेलुगू माणसं नुसतं 'बंदरु' म्हणतात आणि तिथले लाडू त्याच नावाने विकले जातात. एकाच गावाच्या एका नावात पट्टण आणि दुसऱ्यात बंदर, हे मला फार आवडतं.

आणखी पूर्वेला गेल्यावर अर्थ सरकायला लागतो. मलय भाषेत बंदर म्हणजे शहर. ब्रुनेईची राजधानी बंदर सेरी बेगावान, ती याच अर्थाने. जिथे जहाजं लागतात तिथे बाजार भरतो, बाजार भरतो तिथे वस्ती वाढते, आणि होता होता जागेचं नाव वस्तीला चिकटतं. आपल्या पत्तनाचा प्रवास नेमका उलटा आहे. मूळ अर्थ नगर, आणि आज सरकारी हिंदीत त्याचा अर्थ जहाजांची जागा. इंडोनेशियात तर 'बंदर उदारा', म्हणजे हवेतलं बंदर, याचं लघुरूप 'बंदारा' झालं आणि तो विमानतळासाठीचा रोजचा शब्द आहे. त्याच भाषेत जुगाराचा अड्डा चालवणाऱ्यालाही बंदर म्हणतात.

पंधराव्या शतकात मलाक्का भरात असताना तिथे चार शाहबंदर असत, म्हणजे चार बंदर-अधिकारी. त्यातला एक केवळ गुजराती व्यापाऱ्यांसाठी होता, कारण त्यांचा व्यापारच तेवढा मोठा होता. चौघांमध्ये वेगवेगळ्या देशांच्या, वेगवेगळ्या भाषांच्या व्यापाऱ्यांची वाटणी झालेली होती. बंदरावर आलेल्या माणसाशी त्याला कळेल अशा माणसाने बोललं पाहिजे, ही समज सहाशे वर्षांपूर्वी होती. हा मुद्दा मी पुढे पुन्हा घेणार आहे.

बंदराच्या सोबतीने बाकीचे शब्दही आले. आपला नाखवा, म्हणजे होडीचा प्रमुख, हा फारसीतला नाखुदा. मलयात नाखोदा, स्वाहिलीत नाहोधा. नांगराची गोष्ट तर याहून सुंदर आहे. शेतातला नांगर संस्कृतातल्या लांगलापासून आला. होडीचा नांगर फारसीतल्या लंगरापासून आला. तमिळ आणि मल्याळममध्ये तो नंगूरम्. पंजाबीत लंगर म्हटलं की गुरुद्वारातली पंगत. आणि आपल्या कोकणात एकाच घरातला एक भाऊ मृगाचा पाऊस पडल्यावर मळ्यात नांगर धरतो आणि दुसरा होडी नांगरून, ओढून, झापांनी शाकारून ठेवतो. एका अंगणात एकाच दिवशी दोन्ही नांगर, आणि कुणाचाही गोंधळ होत नाही. कारण बोलणारा आणि ऐकणारा एकाच मातीत आणि एकाच पाण्यात उभे असतात.

म्हणजे शब्दाला अनेक अर्थ असणं हा दोष नाही. ती श्रीमंती आहे. घात तेव्हा होतो, जेव्हा शब्द वापरणारे दोघे वेगळ्या ठिकाणी उभे असतात आणि दोघांपैकी एकालाच निर्णय घ्यायचा अधिकार असतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागात एका प्रकल्पाची माहिती द्यायला सभा झाली होती. शाळेच्या हॉलमध्ये पंखे गरगरत होते, पडद्यावर इंग्रजी नकाशे सरकत होते आणि बोलणारे साहेब मराठीत सांगत होते, "तुमच्या भागात बंदर येणार आहे." पुढच्या रांगेत मासे विकणाऱ्या चार-पाच बायका बसल्या होत्या. त्यातल्या एक वयस्क काकी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सायबानू, बंदर तर हय आसाच. मगे तुमी नवीन काय आणतलास?" हॉलमध्ये हशा पिकला. साहेबही हसले आणि म्हणाले, "आई, हे मोठं बंदर." काकी बसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "मोठां म्हंजे केदां?"

मला हसू आलं नव्हतं. त्या सभेतला सगळ्यात नेमका प्रश्न तो होता.

काकींच्या तोंडी बंदर म्हणजे काय, हे किनाऱ्यावर वाढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. वारा फिरला की होडी आत घ्यायची ती जागा. पहाटे मासळी उतरते, वाळूवर ढीग लागतात, बांगड्याच्या आणि पेडव्याच्या टोपल्यांभोवती लिलाव पुकारला जातो, ती जागा. तिथे बांधकाम असेल किंवा नसेल. आमच्या आजोबांच्या पिढीने मुंबईहून बोटीने प्रवास केला तेव्हा कितीतरी बंदरांवर बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि बोट लागून अर्धमेले झालेले उतारू पडावात उतरून, शेवटी गुडघाभर पाण्यातून चालत किनारा गाठायचे. धक्का नव्हता, पण ते बंदर होतं. त्यातूनही लहान, आडवाटेची जागा असली तर तिला आडबंदर म्हणत.

साहेबांच्या कागदावरचं बंदर वेगळं होतं. त्यात गाळ काढून खोल केलेला मार्ग होता, लाटा अडवायची भिंत होती, भराव होता, कोळशाचे किंवा खनिजाचे ढीग ठेवायचं आवार होतं, आणि या सगळ्याभोवती कुंपण होतं. काकींचं बंदर मोकळं, साहेबांचं बंदिस्त. दोघेही मराठीच बोलत होते.

कायद्यानेही या गोंधळात भर घातली आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 48 लहान बंदरं अधिसूचित आहेत. मालवण, देवगड, विजयदुर्ग, वेंगुर्ले, आचरा ही नावं त्या यादीत आहेत. वाचणाऱ्याला वाटेल, लहान म्हणजे आकाराने लहान. तसं नाही. मोठं बंदर म्हणजे केंद्राच्या अखत्यारीतलं आणि लहान म्हणजे राज्याच्या अखत्यारीतलं, एवढाच त्याचा अर्थ. गुजरातमधलं मुंद्रा हे देशातल्या सर्वांत मोठ्या बंदरांपैकी एक, पण कायद्याच्या या भाषेत तेसुद्धा मोठं नव्हे. मग आचऱ्याच्या खाडीच्या मुखाशी राहणाऱ्या माणसाला "हे लहान बंदर आहे" असं सांगितलं, तर त्याने काय समजायचं?

गंमत म्हणजे पर्यावरणाचा कायदा हा फरक ओळखतो. पर्यावरणीय परिणाम मूल्यमापनाची 2006 ची अधिसूचना मालाची बंदरं आणि मासळीची बंदरं वेगवेगळ्या मापाने मोजते. वर्षाला 50 लाख टन किंवा त्याहून जास्त माल हाताळणारं बंदर असेल, तर ते वरच्या वर्गात आणि त्याची परवानगी दिल्लीतून. मासेमारी बंदरासाठी माप वेगळं, मूळ अधिसूचनेत ते वर्षाला 10,000 टन मासळी असं होतं. इंग्रजी मसुद्यात दोन गोष्टींना दोन शब्द आहेत. मराठीत येताना दोन्हींचं एकच होतं: बंदर. भाषांतर करणाऱ्याने शब्दकोश उघडला, पहिला शब्द उचलला आणि पुढे गेला.

आता वाढवण बघा. डहाणू तालुक्यातल्या वाढवणच्या बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून 2024 मध्ये मंजुरी दिली. खर्च 76,220 कोटी रुपये. 30 ऑगस्ट 2024 ला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. समुद्रात 1,448 हेक्टर भराव आणि प्रत्येकी 1,000 मीटर लांबीची नऊ कंटेनर टर्मिनलं, अशी ती योजना आहे. त्याविरुद्ध तिथल्या गावांनी वर्षानुवर्षं घोषणा दिली, 'एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द'. ती घोषणा किनाऱ्यापासून लांब, विदर्भात किंवा मराठवाड्यात टीव्हीवर ऐकणाऱ्या माणसाच्या मनात काय येत असेल? मच्छीमारांनाच बंदर नको? ज्यांचं पोट बंदरावर, तेच बंदर रद्द करा म्हणतात? मला हा प्रश्न सुशिक्षित, सज्जन माणसांनी विचारलेला आहे, आणि दर वेळी मला आधी शब्द सोडवून दाखवावा लागला आहे: त्यांना त्यांचं बंदर हवंच आहे, त्यांचा विरोध दुसऱ्या बंदराला आहे. बाजू कुणाचीही घ्या. रोजगार येईल म्हणणाऱ्याची घ्या, नाहीतर मासेमारीची जागा जाईल म्हणणाऱ्याची. पण ज्या वादात दोन्ही बाजू एकाच शब्दाने दोन वस्तू दाखवतात, त्या वादात लोकांचं मत घेतलं असं म्हणता येत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि मी ते ठासून म्हणतो: किनाऱ्यावरच्या प्रत्येक प्रकल्पाचा पूर्ण अहवाल मराठीत मिळाला पाहिजे, आणि त्याच्या पहिल्या पानावर 'या कागदात बंदर म्हणजे काय' हे साध्या वाक्यांत लिहिलेलं असलं पाहिजे. किती हेक्टर, किती खोली, कोणता माल, कुंपण कुठपर्यंत, होड्यांना आत यायला वाट कुठून, लिलाव कुठे. आज नियमाने मराठीत द्यावा लागतो तो फक्त सारांश. मूळ अहवाल शेकडो पानांचा, इंग्रजीत. मी एका प्रकल्पाचा असा मराठी सारांश वाचला आहे. त्यात एका जागी 'नांगरणी क्षेत्र' असा शब्द होता. जहाजं नांगर टाकून उभी राहतात ती समुद्रातली जागा सांगायची होती. माझ्या शेजारच्या शेतकऱ्याने तो कागद वाचला आणि विचारलं, "आमची शेतजमीन जातली काय?" त्याच्या जमिनीचा त्या प्रकल्पाशी काही संबंध नव्हता. तो माणूस त्या रात्री झोपला नाही, हे मला त्याच्या घरच्यांनी सांगितलं.

यावर मला मिळणारं पहिलं उत्तर असतं की तांत्रिक भाषा मराठीत आणणं अवघड आहे, वेळ जातो. 2020 मध्ये त्याच पर्यावरण अधिसूचनेचा नवा मसुदा फक्त इंग्रजी-हिंदीत आला, तेव्हाही हेच ऐकू आलं. दिल्ली उच्च न्यायालयाने 30 जून 2020 ला तो आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांत आणायला सांगितलं आणि हरकतींची मुदत 11 ऑगस्टपर्यंत वाढवून दिली. देशभराच्या मसुद्यासाठी न्यायालयाला जे गरजेचं वाटलं, ते एका तालुक्याच्या किनाऱ्यासाठी चैन कसं ठरतं? हजारो कोटींच्या प्रकल्पात चांगल्या भाषांतरकाराचं मानधन कुठल्या कोपऱ्यात मावेल, हे सांगायला हिशेब लागत नाही.

दुसरं उत्तर अलीकडचं आहे: आता यंत्र भाषांतर करतं. करतं, आणि बऱ्याचदा चांगलं करतं. पण मराठी आणि हिंदीची लिपी एक आहे. आजूबाजूला वाक्य नसलं, नुसती पाटी असली, की भाषा कोणती हे यंत्राला अंदाजानेच ठरवावं लागतं. त्या दिवशी रांगेत त्या मुलीच्या वडिलांनी फोन पाटीसमोर धरला. फोनने पाटी हिंदी धरली आणि इंग्रजीत 'मंकी' लिहून दाखवलं. मुलीचं समाधान झालं, तिच्या बाजूने पुरावा मिळाला होता. पाटीवर हे चालून जातं. परवानगीच्या कागदावर नाही चालणार. तिथे शब्द तपासणारा माणूस हवा, आणि तो किनाऱ्यावरचा हवा. भाषातज्ज्ञाबरोबर एक नाखवा आणि एक मासे विकणारी बाई बसवा. अर्ध्या दिवसात ती दोघं सांगतील की कुठे धक्का म्हणायचं, कुठे जेटी, कुठे नाळ आणि कुठे आडबंदर. हे शब्द मेलेले नाहीत, रोज पहाटे वापरात आहेत.

तिसरा आक्षेप माझ्याच बाजूच्या माणसांकडून येतो. ते म्हणतात, बंदर हा शब्दच परका, त्याजागी शुद्ध मराठी शब्द आणा. मला हे मुळीच पटत नाही. नाखवा परका, खलाशी परका, होडीचा नांगर परका, मग कोळ्याच्या आणि गाबताच्या तोंडी उरलं काय? जो शब्द शेकडो वर्षं खाऱ्या वाऱ्यात राहिला तो आपलाच. आणि नवा शब्द घडवला, तरी त्याचा अर्थ सांगावाच लागेल. मला पाहिजे आहे ते अर्थ सांगण्याचं बंधन. शब्दाचं गोत्र मी विचारत नाही.

सरकारला हे जमत नाही, असंही नाही. वादळाचा बावटा घ्या. हवामान खात्याची धोक्याची सूचना आली की बंदरावर तीन नंबरचा बावटा लागतो. खरं तर ठरलेल्या पद्धतीत दिवसा टोपल्यासारखे गोल नळे आणि शंकू टांगायचे असतात, रात्री तांबडे-पांढरे दिवे. कापडाचा बावटा त्यात नसतोच, पण लोक बावटाच म्हणतात. आणि तीन नंबर म्हटल्यावर डहाणूपासून रेडीपर्यंत कुणीही होडी पाण्यात ढकलत नाही. कोळी असो, भंडारी असो, गाबीत असो, दालदी असो, कर्नाटकातून आलेला खलाशी असो, प्रत्येकाची बोली वेगळी आणि प्रत्येकाला अर्थ एकच. कारण तो आकडा ठरवणाऱ्यांनी आधी विचार केला की हे कुणाला कळायला हवं आणि नाही कळलं तर काय होईल. न कळण्याची किंमत तिथे जिवाने मोजावी लागते, म्हणून ती काळजी घेतली गेली. किनारा कायमचा बदलणाऱ्या कागदाला तेवढीच काळजी लागते, असं मी मानतो.

अधिकृत जनसुनावणीत एक चांगली तरतूद आहे. शेवटी कामकाजाचा गोषवारा जमलेल्या लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावा लागतो. सुनावणीला जाणाऱ्या प्रत्येकाने त्या वाचनाच्या वेळी हॉलमध्ये थांबावं, घरी निघू नये, आपलं वाक्य आपण बोललो तसं आलं आहे का ते ऐकावं. आमची ती सभा अधिकृत सुनावणी नव्हती, त्यामुळे तिथे काहीच वाचून दाखवलं गेलं नाही. इतिवृत्ताची प्रत मी नंतर मागून घेतली. त्यात काकींच्या नावापुढे एक ओळ आहे: 'बंदरास विरोध दर्शविला.'

काकींनी विरोध केलेला नव्हता. मी त्या प्रतीच्या समासात त्यांचे दोन्ही प्रश्न पेनाने लिहून ठेवले आहेत, मालवणीत, जसे विचारले तसे. 'मोठां म्हंजे केदां?' याच्यापुढे उत्तरासाठी जागा सोडली आहे. ती अजून कोरी आहे.